टॉवेलचा हंस

हंस मी पाहिलेला नाही.
आमच्या बेटावर तो नसतोच.
पण टॉवेल दुमडून, मान पिळून
मिनिटभरात उभा करते पांढराशुभ्र जोडा,
चोचीला चोच लावलेला.
चौदा खोल्या, अठ्ठावीस हंस, बाराच्या आत.
मॅनेजर म्हणतो, मान ताठ हवी, मोसी.
हंसाची, म्हणतो तो.

पहाटे मी कामाला निघते तेव्हा
आई सुकतीला निघालेली असते,
कमरेला दोरीचं भेंडोळं, डोक्यावर शेवाळाच्या रोपांची टोपली.
विहिरीपासून सरळ पायवाट जायची समुद्राला.
आता तिथे भिंत, भिंतीवर बोगनवेल,
बोगनवेलीत कॅमेरा.
आई वळसा घालते खाजणातून,
पोचते तोवर पाणी परत फिरलेलं.

पतंगाला लटकून लाटांवर घसरणारे
तिच्या खुंट्यांना अडखळतात, चिडतात.
परवा कुणीतरी चाळीस खुंट्या उपटून
काठावर रचून ठेवल्या,
नीट, जळणाच्या मोळीसारख्या.

तिचा फोटो मात्र स्वागतकक्षात आहे, भिंतभर.
गुडघाभर पाण्यात, वाकलेली.
खाली नाव नाही.
काच मीच पुसते रोज,
आधी तिचं तोंड, मग बाकीचा समुद्र.

पगार मिळतो. खोटं कशाला बोलू?
छपराचे पत्रे त्यातूनच आले, मुलीची फीसुद्धा.
भाऊ बारमध्ये लागलाय. नाव वुआई,
छातीवरच्या पट्टीवर जेम्स.
आणि बाजारात आता
माशाचं डोकं तेवढं परवडतं,
धड हॉटेलात जातं.

गेल्या हंगामात हिंदुस्तानातून एक बाई आली होती.
आजारी पडली, खोलीतच असायची.
हंस हातात घेऊन म्हणाली,
आमच्याकडे सांगतात, दुधात पाणी मिसळून दिलं
तर हा दूध तेवढं पितो, पाणी ठेवतो.
मी विचारलं,
पाण्यातलं मीठ वेगळं करतो का?
तिला वाटलं, मी गंमत करतेय.

आमची विहीर खारी झाली, त्याला तिसरं वर्ष.
त्यांच्या तीन कूपनलिका रात्रभर घरघरतात,
पोहायचा तलाव काठोकाठ लागतो,
समुद्रापासून वीस पावलांवर.
चहा खारा. भात खारा.
वजू करताना चूळ भरली तरी
जिभेवर मीठ राहतं, दुआ त्याच जिभेने.
बी पांडूचं लिंबाचं झाड
फुललंच नाही यंदा.

काल रात्री मुलगी मागे लागली, मला शिकव हंस.
घरात टॉवेल एकच, आईचा,
ओला, शेवाळाचा वास मारणारा.
दुमडला. पिळला. पुन्हा पिळला.
मान काही उभी राहीना,
नुसतं पाणी टपकत राहिलं चटईवर.
मुलीने बोट लावून चाखलं,
थू केलं,
आणि म्हणाली, हा आपला.