गहाळ

गेटवरचा संत्री रोज विचारतो, काम काय?
दोन वर्षं झाली. मी रोज कार्ड दाखवते.
गणवेश नाही, कुणी टाच जुळवत नाही.
अकरा महिन्यांचा करार, एक दिवसाचा खंड,
पुन्हा अकरा महिने.
आई सगळीकडे सांगते, पोरगी पोलिसांत आहे,
तेव्हापासून गांगुर्डेकाकू
पार्किंगची भांडणं माझ्याकडे आणतात.

माझ्याकडे नाशिक येतं ते ओळींतून.
घटनेची वेळ, घटनास्थळ, गेला माल, मिळाला माल.
द्वारका चौक मी सात तऱ्हांनी लिहिलेला पाहिलाय.
गंगापूर रोड, गंगापूर नाका, गंगापूर गाव
वेगळे करण्यात माझा पहिला उन्हाळा गेला.
नकाशावर गोदावरी ही एक निळी रेघ,
तिच्या दोन्ही काठांना मी लाल ठिपके देते.

मागच्या वर्षी एका ठाण्याचा ठिपका फुगू लागला.
ठाण्याचं नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे.
मोबाईल चोऱ्या तीन महिन्यांत तिप्पट.
साहेबांनी बैठकीत लेझर रोखला:
इथं काय चाललंय?

मी गेले बघायला. रिक्षानं, स्वतःच्या पैशानं.
ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत नवीन बाई होत्या,
पुष्पलता अहिरराव, चष्म्याची दोरी गळ्यात.
समोर अंबडच्या कारखान्यातला एक पोरगा,
रात्रपाळी अजून डोळ्यांत.
हरवला असं लिहा बाई, म्हणत होता,
लवकर होतं म्हणतात.
बाईंनी पेन थांबवलं.
पडला, की कुणी काढला?
काढला.
मग हरवला कसा?

एवढंच.
त्यांच्या आधीचे सगळे गहाळ लिहीत होते.
गहाळाचा गुन्हा होत नाही, गहाळाला तपास नसतो,
गहाळ माझ्या तक्त्यात येतच नाही.
चोर कुठे फिरतात, ते दाखवतेय असं मला वाटायचं.
दोन वर्षं मी रंगवत होते
कुठल्या टेबलावर कोण ऐकून घेतं ते.

टिपण लिहिलं. 'निदर्शनास येते की',
'सबब', 'विचारार्थ सादर'. चार पानं.
त्यातलं कामाचं एकच वाक्य
तिसऱ्या पानाच्या तळटीपेत गेलं,
कारण वरती आलेख मावत नव्हता.
आलेख देखणा होता. सगळ्यांनी आलेख पाहिला.

अहिररावबाईंची बदली मुद्देमालाच्या खोलीत झाली.
तिथं पोत्यात बांधलेल्या तलवारी,
लाखेनं बंद केलेल्या बाटल्या,
सोडवायला कुणी न आलेल्या सायकली.

पुढच्या तिमाहीत ठिपका बसला, सूज बसते तसा.
साहेबांनी चहा मागवला, माझा बिनसाखरेचा,
लक्षात होतं त्यांच्या. माणूस वाईट नाही.
म्हणाले, तुमच्या नकाशाचा उपयोग झाला.
मी थँक्यू म्हटलं.

परवा रविवार कारंज्यापाशी आईचा फोन गेला.
पिशवीला ब्लेडची सरळ चीर,
कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा कापलेल्या.
ठाण्यात कोवळा शिपाई, बोलायला गोड.
ताई, गहाळ टाकतो, दाखला लगेच मिळेल,
सिमकार्डाचं अडणार नाही.
आई माझ्याकडे पाहू लागली.
मी कार्ड काढलं नाही. पिशवी टेबलावर ठेवली,
चिरेतून बोट आरपार घातलं.
हे हरवताना झालं का?

तो बोटाकडे बघत राहिला.
आतल्या खोलीत जाऊन आला.
आम्ही बाकावर दीड तास. आईनं कोथिंबीर निवडली.
मग त्यानं नवीन पान घेतलं आणि विचारलं,
किती वाजता काढला?

महिनाअखेरीस ही ओळ माझ्याकडे येईल.
त्या ठाण्याचा ठिपका एका फोनानं वाढेल.
छातीवरच्या पट्टीवरचं त्याचं नाव
मी दोनदा वाचलं, पाठ केलं.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.