कसर

पाणीगेटच्या आत, मशिदीच्या माडीवर किताबखाना.
लाकडी जिना, अकरा पायऱ्या, नववी हलते.
मुतवल्ली दाऊदभाई दरवेळी बजावतात,
दरवेळी मी विसरते.

मला बोलावलंय कागद सांधायला.
पातळ खळ, जपानी कागद, खारीच्या केसांचा कुंचला.
इथला इतिहास विचारला तर म्हणाले,
लिहून कुणी ठेवलाय, बेन?
विश्वामित्री एकदा आत आली होती,
तिची रेघ आहे खाली खांबावर,
माझ्या कानाच्या पाळीइतकी उंच.
त्या रात्री पोरं जिन्यावर ओळीनं उभी राहिली
आणि हातोहात सगळा मदरसा वर चढवला.
नववी पायरी तेव्हापासून.

मग राहिली ती कसर.
अरबी व्याकरणात शिरली,
वारसाहक्काचा कायदा आरपार ओलांडला,
ग्रहणांच्या तक्त्यात देह ठेवला.
एवढा अभ्यासक्रम इथं
फार थोड्यांनी पुरा केला असेल.

आज फारसी धड्यांची वही उघडली.
मधोमध नस्तालीक, शाई अजून काळीभोर.
आणि समासात, मुंग्या चालाव्या तशी,
मोडी.

दाऊदभाईंना मोडी येत नाही.
मला फारसी येत नाही.
एकाच पानावर दोघं वाकलो,
ते मधलं वाचत गेले, मी कडेकडेनं.

'त्रिंबक, उमेदवार, फडणिशी.
आज मौलवीसाहेबांचे अंगात कसर. धडा नाही.'
दोन पानांनंतर:
'कसर तशीच. आम्ही हौद उपसिला.'
मग पाच पानं नुसती क्रियापदं,
येणे, जाणे, होणे, एकाखाली एक,
अक्षर थोडं वाकडं.
मग:
'नवे मौलवी आले. हळू बोलतात.'

पुन्हा वाचा, दाऊदभाई म्हणाले.
मी वाचलं.
नाव नाही लिहिलं का, जुन्या मौलवींचं?
नाही.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
तो स्वच्छच होता.

खाली हौदापाशी मुलांचा सबक सुरू झाला.
एकाचं अडलं, बाकीचे पुढे गेले,
मग सगळे त्याच्यासाठी मागे आले.

'हळू बोलतात' च्या पुढं
आणखी एक शब्द होता.
वेलांटी तेवढी उरलीय,
बाकीचा कसरीनं खाल्ला.
भोकाएवढा कागद कातरला,
कडेला खळ लावली,
बोटानं दाबून धरला, वाळेपर्यंत.
कोराच.