सोमवारी विश्वाला सुट्टी

अकरा वाजले की शटर अर्ध्यावर ओढायचो.
बाबा गल्ला मोजून आत झोपलेले.
बूथमधल्या फोनची वायर काढून
मॉडेमच्या पाठीत खुपसायचो.
तो आधी घसा खाकरायचा,
मग दसरा चौकातून उद्यमनगरपर्यंत
कुणीतरी पत्र्यावर पत्रा ओढत न्यावा
तसा बोंबलत जायचा.
वर उशी दाबून धरायचो.

पलीकडं वर्धमान मगदूमचं पॅटर्न शॉप.
लेथशेजारी, कूलंटच्या वासात,
एक कॉम्प्युटर, एक लाईन
आणि त्यात तीनशे ग्रह.
एका वेळी एकच माणूस आत.
बाकीच्यांना टूं टूं टूं.
रोज चाळीस चाली. संपल्या की बाहेर,
मागचा कुणीतरी नंबर फिरवत बसलेला.

समोरासमोर कुणीच येत नसे.
आमच्या गावात आखाड्यात उतरल्यावर
पैलवान समोरच्याच्या अंगाला मूठभर माती लावतो,
मग झोंबतो.
इथं मात्र दुसरा गाढ झोपलेला असताना
त्याची कोठारं फोडायची
आणि सकाळी कुणाचे डोळे तांबडे आहेत
ते बघत कॉलेजला जायचं.

मी बिबट्या.
माझ्या मागावर हातोडा नावाचा एक.
मी तांबं भरलेली तीन जहाजं लपवली,
त्यानं दोन नेली, एक ठेवलं.
का ठेवलं, काय कळेना.
मी त्याच्या चंद्राभोवती सुरुंग पेरले;
दुसऱ्या रात्री ते सगळे
माझ्याच दारात ओळीनं रचलेले.
असं श्रावणापासून दिवाळीपर्यंत.

सोमवारी उद्यमनगरची लाईट बंद,
मग विश्वालाही सुट्टी.
तारे होते तिथं थांबायचे
आणि मी अकाउंटन्सीचं पुस्तक उघडायचो.

एकदा चाल अर्धवट असतानाच खेळ थांबला.
पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं,
इंग्रजी लिपीत, अडखळत:
जेवलास का?
मगदूम होता. तिकडं बसून माझी चाल बघत होता.
एवढ्या आकाशात पहिल्यांदाच
माझ्याबरोबर कुणीतरी जागं.
मी टाइप केलं: जेवलो.

खोटं नव्हतं ते.
पुण्याची पोरगी असती तर तिला
बटणावर बोट ठेवून ठरवावं लागलं असतं.
आम्ही कोल्हापूरच्या पोरी
आईसमोरपण जेवलो, आलो, जातो,
असंच म्हणतो.
बाहेर पाटीवर 'वैजयंता एस.टी.डी.',
माझंच नाव, दिवसभर उन्हात.
बिबट्याला कुणी काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत हातोड्याचा निरोप आला.
लढाईचा नव्हता.
'तुमच्या मीटरचा तिसरा आकडा बघा.
वरची उजवी काडी पेटत नाही.
आठाचा सहा दिसतो, नवाचा पाच.
वडिलांना सांगा. नुकसान होतंय.'

उठलो. काउंटरवरचा कपडा काढला.
लाल आकडे. खरंच, एक काडी मेलेली.
बाबा चष्म्याशिवाय वाचायचे
आणि किती महिने आम्ही
आठाला सहा म्हणत
लोकांना सुट्टे परत देत होतो.

त्या आठवड्यापासून काउंटरवर बसलो की
गिऱ्हाईकांचे चेहरे नाही, हात बघायचो.
नखांत ऑईल, मनगटावर भट्टीचे चट्टे,
पण असे हात या गावात हजार.
एकानं हुपरीला फोन लावला,
एकानं बेळगावला, रडला, आठ रुपये दिले.
एकजण सहा आकडे न बघता फिरवून
नुसती रिंग ऐकत उभा राहिला,
बराच वेळ, काचेला टेकून,
मग रिसीव्हर हळूच ठेवला.
उचललं नाही तर पैसे होत नाहीत.
मीटरकडं एकदा बघितलं त्यानं,
चप्पल पायात सरकवली
आणि गेला.

सोमवार होता.