सेकंड शिफ्टचा सूर्य

शालिमारच्या मागच्या गल्लीत फिरोज कोकणींनी
तीन दिवे शेजारी शेजारी लावून दाखवले.
पांढरा, आमच्या शॉपफ्लोअरवर असतो तसा.
निळा, रात्री आयसीयूच्या दारावर असतो तसा.
तिसऱ्याचं नाव मला मराठीत सापडेना.
पिकल्या जांभळाची साल उन्हासमोर धरली तर,
कदाचित.
"हाच घ्या," ते म्हणाले, "पंधरा मीटर खाली
समुद्र जवळपास एवढाच रंग येऊ देतो.
लाल तर वरच्यावरच गळतो."

पंधरा मीटर म्हणजे
पाथर्डी फाट्यावरची आमची बिल्डिंग,
गच्चीवरच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत.
आमच्या पहिल्या मजल्यावर दुपारी
एवढाच उजेड पोचला असता,
वर पाणी असतं तर.

पाणी आरओचं. मीठ पोत्यातलं.
बादलीत रात्रभर ढवळायचं.
खरा समुद्र कसारा घाट उतरल्यावर,
तोही लगेच नाही.

वासंतीने किंमत विचारली. मी वॅट सांगितले.

पहिल्या दिवशी दिवा शंभर टक्क्यांवर लावला,
पैसे शंभर टक्के दिले होते म्हणून.
चौथ्या दिवशी हॅमर कडेने पांढरं पडलं.
मला वाटलं, उजळलं.
पिंपळगावहून दाजी आले, द्राक्षांची पेटी खाली ठेवून
काचेपाशी उकिडवे बसले.
"याला ऊन लागलंय."
"उन्हासाठीच तर दिवा घेतलाय, दाजी."
"मग आमचे घड काय आम्ही अंधारात पिकवतो?
तरी फेब्रुवारीत एकेकाला पेपर गुंडाळतो,
तुझ्या बहिणीच्या जुन्या साड्या वेलींवर टाकतो.
नव्या पाहुण्याला पहिल्याच पंगतीला
एवढं वाढतं का कुणी?"

प्रवाळातलं दाजींना काही कळत नाही.
ते गेल्यावर मी दिवा तीसवर आणला,
वर डासांची जाळी अंथरली, चार पदरी.
दर रविवारी एक पदर काढायचा.

हात पाण्यात घालण्याआधी अंगठी काढली.
मंगळासाठी आईने सराफ बाजारातून आणलेलं पोवळं.
टेबलावर ते लालभडक, गुळगुळीत,
काचेआड त्याच्या लांबच्या नात्यातलं कुणीतरी
बोटं आखडून बसलेलं.
मी अंगठी खिशात टाकली. उगाच त्याने पाहायला नको.

मग मोबाइलने विचारलं, सूर्य कधी उगवू?
पडद्यावर एक डोंगर असतो, बोटाने ओढायचा,
खिडकीतून पांडवलेणी दिसतात तसाच.
माझी शिफ्ट तीन ते साडेअकरा.
खऱ्या दुपारी उजेड पाडला
तर डोळ्यांवर उशी घेऊन मीच झोपलेला.
म्हणून उगवती चारला, माथा आठला,
मावळती रात्री एकला.
अंबडहून गाडी हाणत पावणेबाराला पोचतो
तेव्हा रस्त्यावरूनच खिडकी निळी दिसते.
वॉचमन सुखदेव विचारतो,
"साहेब, घरी वेल्डिंगची कामं घेता का?"

हेल्मेट मांडीवर ठेवून मी तासभर बसतो.
संध्याकाळच ती त्याची, पण तेवढी पुरते.
जाळीचा शेवटचा पदर निघाला, कडा पुन्हा भरल्या.
एका फांदीचं टोक मात्र पांढरंच राहिलं,
ते माझ्या खात्यावर.

परवा कुकर लावता लावता वासंती म्हणाली,
"आठला ते अख्खं उघडतं.
प्रत्येक बोटाच्या टोकाला हिरवा ठिपका,
आणि सगळी एकाच बाजूला झुकतात,
पंपाच्या वाऱ्याने.
मी मेथी तिथेच निवडते हल्ली."

ते अख्खं उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
मोबाइल काढला, डोंगराचा माथा
बाराच्या बाजूला ओढू लागलो.

"राहू दे," ती म्हणाली,
"माझी दुपार आहे ती."