एला

पहिल्या आठवड्यात मी चार कप मांडले होते.
फोन वाजला की एवान्थियाबाई उचलून म्हणायच्या, एला.
एला म्हणजे ये,
एवढं रुस्तावीहून येताना बसमध्ये कुणीतरी शिकवलं होतं.
त्या सकाळी चौघांना बोलावलं बाईंनी.
मी कॉफी काढली, बिस्किटं ताटलीत रचली,
जिन्याकडे कान लावून उभी राहिले.
कुणी आलं नाही.
कप कोरडेच उपडे घातले परत.
मनात म्हटलं, काय माणसं या वोलोसची,
म्हातारी बोलावते आणि कुणी फिरकत नाही.

पुढे कळलं, ये म्हणजे कुठेच यायचं नसतं.
ऐकतेय, बोल, इतकंच.

काय करतेस, असंही विचारतात भेटल्यावर.
मी खरं सांगत बसायचे,
कांदा चिरून झाला, आता चादरी.
समोरची पोलिक्सेनी पिशव्या घेऊन उभी,
माझ्या चादरी संपेपर्यंत.

ने म्हणजे होय.
हे डोक्यात शिरलं लगेच, मानेत शिरायला वर्ष लागलं.
आणि नाही म्हणायला बाई शब्द खर्चत नसत.
हनुवटी वर, भुवया वर, जिभेवर एक च्च.
मला वाटायचं, छताला काही चिकटलंय,
मीही वर बघायचे.

खाली राहतो फातमीर, फरशा बसवतो.
त्याची होकाराची मान आडवी हलते
आणि त्याचा होय म्हणजे पो.
मसुरात मीठ जास्त पडलं की बाई म्हणायच्या, पो पो पो!
तीनदा होय? तो विचारायचा. एवढं आवडलं?
एकदा नळाचं पाणी गेलं,
जिन्यात आम्ही तिघं, प्रत्येकाची मान वेगळ्या दिशेला.
पाणी आलं कधी ते कळलंच नाही.

केस कापून आलात, तब्येत राहो.
नवी चप्पल, तब्येत राहो.
ऑगस्ट संपताना, घाम डोळ्यांत उतरत असताना,
हिवाळा चांगला जावो.
मी उठून पंखा बंद केला.

सगळ्यात घोळ आरा या शब्दाचा.
आमच्यात आरा म्हणजे नाही. सरळ, तोंडावर, नाही.
यांच्यात आरा म्हणजे तर मग.
डॉक्टर म्हणाले, ताप उतरलाय, आरा...
माझे हातपाय गार.
आरा, उद्यापासून थोडं चालवा.

वहीत सगळं लिहून ठेवलं. एक सोडून.
रे.
तो कशाचाच अर्थ नव्हता.
पुरुषाला रे, बाईला रे, मांजराला,
टीव्हीवरच्या मंत्र्याला तर वाक्यागणिक रे.
मला कधीच नाही.
मला, माझ्या नातेला. मला, कृपा करून.
चार वर्षं मी त्या घरात पाहुणी होते
त्या एका अक्षरापुरती.

मग फेब्रुवारीत बाईंचं उजवं अंग गेलं, शब्दही गेले बरोबर.
मुलाचं नाव गेलं, चमच्याचं गेलं.
मार्चमध्ये गॅसवर दूध ठेवून मी खिडकीशी रेंगाळले,
मागून खरखरीत आवाज,
एला रे, नातेला!
दूध उतू गेलं. जाऊ दिलं मी.

बाई गेल्या तेव्हा दारात येणारा प्रत्येक जण
त्यांच्या थ्रासिवुलोसला म्हणत होता, तुम्हाला आयुष्य लाभो.
पोलिक्सेनी त्याला म्हणाली, मग वळून मला म्हणाली.
माझ्या मागे कुणी उभं आहे का, मी पाहिलं.

नवव्या दिवशी फोन वाजला.
थ्रासिवुलोस फुलवाल्याशी हिशोब करत होता.
मी उचलला. एला, म्हटलं.
पलीकडे कुणी म्हातारी, एडेसाची,
तिला अजून कुणी कळवलं नव्हतं.
एवान्थिया? काय करतेस?

आरा, मी म्हटलं.

आणि ती थांबली, श्वास ऐकू येत होता,
पुढचं वाक्य ऐकायला.