गेव्याचं दूध

चोडणच्या फेरीतून उतरले तेव्हा पिशवीत होत्या
सव्वाशे पत्र्याच्या पाट्या, तारेचं भेंडोळं, पक्कड
आणि खात्याने छापून दिलेली यादी :
झाडाचं नाव, लॅटिन नाव, धोका आहे की नाही.
मानशीच्या दगडावर रुझार ओहोटीची वाट बघत होता.
त्याने एक पाटी उलटीपालटी केली, हुंगली,
म्हणाला, "हें कोण वाचतलो? शेळी?"

रुझारची यादी तोंडी.
तेरं : पानावर थेंब पडला की मोती, पान जिभेवर पडलं की सुया.
बिंबलाशिवाय चुलीवर चढवायचं नाही,
आणि घाई असेल त्या दिवशी तर मुळीच नाही.
सुकाणू : कैऱ्या समजून शिरसाटांच्या धाकट्याने
दोन्ही खिसे भरले होते गेल्या साली.
आईने आधी तोंड उघडून बघितलं,
मग कानाखाली एक दिली, मग पोटाशी धरलं.
कळलावी : फूल बघावं, कांदा विसरावा.
करांद्यासारखा दिसतो तो प्रत्येक करांदा नसतो.
"आणि ती, बांधाच्या कडेची, जांभळ्या देठाची?"
रुझारने बराच वेळ बघितलं.
"म्हाका खबर ना.
खबर ना तें खावप ना."
हे वाक्य माझ्या यादीत कुठेच नव्हतं.

गेवा मी ओळखला नाही. त्यानेच मला ओळखलं.
खाजनाच्या कडेला सगळी खारफुटी हिरवीगार,
त्यात याचीच चारदोन पानं लाल,
कुणी कुंकवाचं बोट पुसावं तशी.
सुंदर दिसलं म्हणून जवळ गेले.
तार आवळली, डहाळी मोडली,
इवलंसं पांढरं दूध
तारेच्या टोकावरून उडालं ते डाव्या डोळ्यात.

आधी काहीच नाही.
मग मिरची.
मग मिरची हा शब्दही थंड वाटावा असं काहीतरी.
"दोळे चोळूं नाका!"
खाडीकडे वळलेला माझा हात रुझारने हवेतच धरला.
"तें खारें! इस्पेरांस, घागर हाड गे!"
विहिरीचं गोडं पाणी, कळशीमागून कळशी,
मान डावीकडे कलती, पाणी कानावरून खाली,
दुसऱ्या डोळ्याला शिंतोडाही नको.
जमलेल्यांत कुणी म्हणालं लोणी, कुणी म्हणालं नारळाचं दूध.
इस्पेरांस करवादली,
"दूधच गेलंय तिच्या डोळ्यात, आणखी कसलं घालता?"
आणि ओततच राहिली, फेरीचा भोंगा वाजेपर्यंत.
मग रायबंदरचा धक्का, रिक्षा, बांबोळी.

चार दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी.
त्या काळोखात यादी म्हणून बघत होते.
लॅटिन नावं एकेक करून गळाली, पिकल्या पानांसारखी.
राहिला चिखलाचा वास,
कपाळावरून जाणारं गार पाणी,
मनगटावर रुझारची खरखरीत पकड.

चवथीच्या आदल्या दिवशी परत गेले.
उजेड अजून टोचत होता.
वाटेत एका घरात माटोळी बांधत होते :
शिपट्याचा घोस, नारळाची पेंड, लालभडक कवंडळं,
आणि मधोमध कळलावीची फुलं, पेटलेली,
देवाच्या बरोबर डोक्यावर.
"ही विषारी आहेत," मी म्हटलं, नोकरीच्या सवयीने.
शिडीवरचा म्हातारा गाठ मारता मारता म्हणाला,
"म्हणून तर वर. पोरांचा हात पोचत नाही."

गेव्यावर माझी पाटी होती तशीच, एका तारेवर तिरकी.
छापलेलं नाव डांबराखाली बुजलं होतं,
वर बोटाने काढलेला एक मिटलेला डोळा.
"आता शेळी वाचेल?" मी विचारलं.
"शेळी आदींच शाणी," रुझार म्हणाला.
"हें खात्या खातीर."

मी विहिरीवर गेले. कळशी भरून आणून
झाडापासून चार पावलांवर ठेवली.
मग पक्कड काढली.