सातव्या ओळीतली सीडी

द्राक्षं निघून महिना झाला, खरड छाटणीही उरकली,
तरी मेहुण्याने सीड्या उतरवल्या नव्हत्या.
लोंबत होत्या तारांना, पाखरांना भिववायला,
जिथे पाखरांना घेण्यासारखं
आता काहीच नव्हतं.

शनिवार. सातपूरला आमची सुट्टी शनिवारीच असते.
मुंगसऱ्याला आलो होतो बेदाण्याचं खोकं न्यायला,
आणि जेवण झाल्यावर उगाच हिंडत होतो बागेत,
डोक्यावर ओला पंचा,
पायात मेहुण्याच्या चपला, एक नंबर मोठ्या.

सातव्या ओळीत एक सीडी फिरता फिरता थांबली.
निळ्या मार्करची अक्षरं, बरीचशी उडालेली.
पण असा ‘ळ’ फक्त जोएल काढायचा,
गाठ मारून ओढून घेतल्यासारखा.
‘उन्हाळा. सावकाश ऐकणे.’
बँडचं नाव नाही. ते त्यालाही माहीत नव्हतं.

मीच दिली असणार. घर बदलताना पोतंभर दिल्या होत्या,
घेऊन जा म्हटलं, वाजवतं कोण आता.

माझ्या गाडीत सीडीची फट अजून आहे,
मुलगी तिला गाडीचं तोंड म्हणते.
शर्टाने पुसून भरवली.
गाडीने चावली, विचार केला, पुन्हा चावली.
पहिलं गाणं उन्हाने खाल्लेलं. दुसरंही.
तिसरं मधूनच सुरू झालं.

आधी नुसती धग.
मग तिच्याखाली ठेका,
लोडाला रेललेल्या माणसाच्या अंगठ्यासारखा,
कुणी बघत नाही असं वाटून हलणारा.
मग ते सूर, कीबोर्डचे की कशाचे कोण जाणे,
दुपारच्या हौदातलं पाणी छताला लागून थरथरतं तसे.
कुणी गात नाही. कुणाला कुठे पोचायचं नाही.

शरणपूरला जोएलच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत,
कॉम्प्युटरचे दोन स्पीकर, लांबवलेली वायर,
बारावीनंतरचा अख्खा मे.
त्याचे पप्पा प्रेसमधून दिवसपाळी करून यायचे,
डबा खाली ठेवायचे आणि विचारायचे,
‘अरे, ह्यात गाणं कधी सुरू होतं?’
‘हेच आहे, पप्पा.’
ते मूठभर चिवडा घेऊन बसायचे
आणि दुसऱ्या गाण्याला घोरायला लागायचे.
आम्हाला तो अपमान वाटायचा.
आज एसी बंद पडलेल्या गाडीत,
काचा खाली करून, सीट मागे टाकून
माझेच डोळे मिटले तेव्हा कळलं,
तिघांत नीट ऐकलं होतं ते त्यांनीच.

बोनेटवर थाप. मेहुणा.
‘बॅटरी उतरंल.’
मग शेजारी येऊन बसला, दार उघडं, एक पाय बाहेर.
बराच वेळ काही बोलला नाही.
‘कुठलं म्हणायचं हे?’
‘तुमच्या बागेतलं.’

पाचव्या गाण्यात सीडी अडकली.
तीन सेकंदांचा तुकडा, तोच, पुन्हा तोच,
एक सूर उतरायला निघतो आणि पायरीवरच राहतो.
बटण माझ्या हाताशी होतं.
त्याच्याही होतं.
समोर छाटलेल्या वेलींना बोटभर फुटवे आलेले,
पोपटी, जवळजवळ पारदर्शक,
आणि त्यांच्यावरून चाळीस सीड्यांचे कवडसे
सरकत होते, आपापल्या गतीने.

जोएल मस्कतला आहे असं कुणीतरी म्हणालं होतं.
नंबर आहे, तो जुना असेल.

‘बाकीच्या बघायच्या का वाजवून?’ मेहुण्याने विचारलं.
चार वाजले होते, ऊन अजून तसंच.
त्याने शिडी आणली, मी पक्कड.
पहिल्या ओळीत कुणाच्या तरी जावळाचं शूटिंग निघालं,
लेबलवर बाळाचं नाव लिहायचं राहिलेलं.